स्लॅबच्या आदल्या रात्री विंडी: एका साइट इंजिनिअरचा रिव्ह्यू

विंडी या हवामानाच्या अ‍ॅपला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. नुसत्या वाऱ्यासाठी विचारलं असतं तर पाचही दिले असते. जुलैतल्या मुंबईच्या पावसासाठी मात्र तीनच्या वर जायला हात धजत नाही. हे तीनसुद्धा बाकीच्या अ‍ॅपांना मी जे देते त्या मानाने भरपूर आहेत.

आधी माझी गरज सांगते, कारण सगळा रिव्ह्यू तिच्यावर बेतलेला आहे. मी बांधकामाच्या साइटवर असते, सध्या चेंबूरला पुनर्विकासाचं काम चालू आहे. लोक हवामानाचं अ‍ॅप उघडतात ते छत्री घ्यायची का बघायला. मला दीडशे क्यूब (घनमीटर) काँक्रीट मागवायचं का ते ठरवायचं असतं. दीडशे क्यूब म्हणजे सहा-सात क्यूबच्या वीसहून जास्त गाड्या, बूम पंप, शटरिंगवाले, फिटर, व्हायब्रेटर धरणारी पोरं. पहिली गाडी रिकामी व्हायला लागली की शेवटच्या गाडीपर्यंत सहा-सात तास जातात. मध्येच थांबावं लागलं तर कोल्ड जॉइंट, म्हणजे आधीचा माल घट्ट झाल्यावर नवा त्याला नीट न चिकटल्याने राहणारा कच्चा सांधा, आणि त्यावरून कन्सल्टंटची बोलणी. पहाटे प्लांटवरून फोन येतो, "मॅडम, पहिली गाडी लोड करू?" हो म्हटलं की मागे फिरता येत नाही. रिटार्डर (माल उशिरा घट्ट व्हावा म्हणून घालायचं रसायन) घातला तरी माल तीन-चार तासांत ओतून मोकळं व्हायला हवं, आणि त्यातच हायवेचा ट्रॅफिक धरायचा.

बाहेरच्या माणसाला वाटतं पावसात स्लॅब भरतच नाहीत. मुंबईत तसं ठरवलं तर जून ते सप्टेंबर सगळ्यांनी गावी जावं. भुरभुर असेल तर काम चालतं, मेणकापड हाताशी ठेवायचं आणि झालेला भाग झाकत पुढे जायचं. भीती असते ती सरीची. ताज्या काँक्रीटवर अर्धा तास सणसणीत सर कोसळली की वरचं सिमेंट धुऊन जातं, खडी उघडी पडते आणि पाणी-सिमेंटचं सगळं गणित वरच्या थरात बिघडतं. म्हणून "आज पाऊस किती" या आकड्याचा मला फारसा उपयोग नाही. २४ मिलिमीटर दिवसभर रिपरिप पडला तर माझा स्लॅब होतो. तोच २४ मिलिमीटर पाऊण तासात पडला तर होत नाही. अ‍ॅपवर दोन्ही दिवस सारखेच दिसतात.

फोनबरोबर आयतं मिळणारं अ‍ॅप इथेच बाद होतं. जुलै उजाडला की त्यात रोज तोच ढग, तेच तीन थेंब, तीच ऐंशी टक्के शक्यता. जुलैत मुंबईत पाऊस पडेल हे सांगायला अ‍ॅप कशाला, आमचा वॉचमनही सांगतो.

मध्यंतरी आमच्या ऑफिसने पैसे भरून एक "हायपरलोकल" सेवाही घेतली होती. नाव लिहीत नाही. ५०० मीटरपर्यंतचा अंदाज, तोही तुमच्या पिनकोडचा, असं त्यांचं म्हणणं. प्रेझेंटेशन द्यायला आलेल्या मुलाला मी विचारलं, "हे कुठल्या मॉडेलवर चालतं?"

"एआयवर चालतं, मॅडम."

"ते असू दे. जाळी किती किलोमीटरची आहे?"

"पिनकोडवाइज आहे ना, मॅडम."

पुढे विचारण्यात अर्थ नव्हता. (मॉडेल म्हणजे संगणकावर हवेचं गणित सोडवणारी व्यवस्था, आणि जाळी म्हणजे त्यासाठी नकाशाचे पाडलेले चौकोन.) आमच्या दोन्ही साइट्सचे, म्हणजे चेंबूर आणि घाटकोपरचे, आकडे सदैव हातात हात घालून वरखाली व्हायचे, फरक असायचा तो दशांश चिन्हाच्या पुढे. प्रत्यक्षात घाटकोपरला धो-धो पडतोय आणि चेंबूरला नुसतं आभाळ भरून आलंय, हे कुणीही मुंबईकर पाहत आलेला आहे. वर्गणी संपली, कुणी नूतनीकरणाचं नाव काढलं नाही.

आता विंडी. हे चेक प्रजासत्ताकातलं अ‍ॅप. सेझ्नाम हे तिथलं सर्च इंजिन उभं करणाऱ्या इव्हो लुकाचोविच यांनी २०१४ मध्ये सुरू केलं. उघडल्यावर नकाशावर वाहणाऱ्या वाऱ्याच्या रेघा दिसतात आणि पहिले काही दिवस माणूस नुसतं तेच बघत बसतो. माझ्या मते याची खरी किंमत त्या रेघांत नाही. अंदाज कुणाचा आहे हे विंडी लपवत नाही, यात ती आहे. खाली मॉडेलची नावं असतात: युरोपीय हवामान केंद्राचं ईसीएमडब्ल्यूएफ, अमेरिकेचं जीएफएस, जर्मनीचं आयकॉन. नावापुढे जाळी किती किलोमीटरची तेही लिहिलेलं असतं. "तुलना" उघडली की एकाच जागेसाठी तिघांचे आकडे एकाखाली एक मांडून मिळतात. तिघं एकाच सुरात बोलत असतील तर मी निश्चिंत झोपते. एक चार म्हणतोय आणि दुसरा चाळीस, असं दिसलं की प्लांटला आदल्या रात्रीच सांगून ठेवते की पहाटेपर्यंत पक्कं धरू नका. मतभेद उघड दाखवणारं अ‍ॅप मला एकच गुळगुळीत आकडा देणाऱ्यापेक्षा कधीही जास्त कामाचं वाटतं.

जाळीच्या आकड्याकडे मात्र नीट बघायला हवं, कारण सगळी मेख तिथे आहे. हवामानाचं मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनात तापमान, दमटपणा, वारा यांचा एकेक आकडा धरतं. ईसीएमडब्ल्यूएफचा चौकोन ९ किलोमीटरचा, आयकॉनचा १३, विंडीवर दिसणाऱ्या जीएफएसचा २२. ९ किलोमीटर म्हणजे ८१ चौरस किलोमीटर. कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत अख्खी मुंबई अशा सहा-सात चौकोनांत संपते. चेंबूर, घाटकोपर, कुर्ला बहुतेक एकाच चौकोनात. नकाशावर बोट ठेवलं की आमच्या गल्लीचा आकडा येतो खरा, पण तो शेजारच्या चौकोनांच्या मधोमध रेघ ओढून काढलेला असतो. रंग एकातून दुसऱ्यात अलगद मिसळत जातात ते स्क्रीनवर छान दिसावं म्हणून. त्या मिसळण्यात माहितीचा कणही वाढत नाही. शिवाय मॉडेल आपल्या एका चौकोनाएवढी गोष्टसुद्धा नीट पकडू शकत नाही, एखादी हालचाल खऱ्यासारखी उमटायला जाळीच्या पाच-सहा पट जागा लागते. म्हणजे ९ किलोमीटरच्या जाळीला खरं दिसतं ते पन्नासेक किलोमीटरचं.

आणि आपली सर? पावसाचा जो ढग आमच्या स्लॅबवर येऊन कोसळतो, त्याच्या पोटातली वर चढणारी हवा एक-दोन किलोमीटर रुंदीची असते. ९ किलोमीटरच्या चौकोनात तो ढग मावतो, पण मॉडेलला तो दिसत नाही. दहा एमएमच्या चाळणीतून बारीक वाळूची प्रत ठरवायला सांगण्यातला हा प्रकार आहे. मग मॉडेल काय करतं? ठोकताळा लावतं. या चौकोनात खालची हवा इतकी दमट, वरची इतकी थंड, तर आत कुठेतरी ढग वर चढत असतील आणि त्यातून इतका पाऊस पडत असेल. ढग तयार होत नाही, त्याचा परिणाम तेवढा हिशेबात धरला जातो. ठोकताळे हुशार माणसांनी वर्षानुवर्षं घासूनपुसून बसवलेले आहेत, त्यांच्यावर जगाचा आठवड्याचा अंदाज चालतो, आणि बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा चार-पाच दिवस आधी सांगितला जातो तो याच मॉडेलांच्या जोरावर. पण त्यांची एक खोड जगभर नोंदली गेलेली आहे: जाड जाळीच्या मॉडेलात पाऊस खऱ्यापेक्षा जास्त वेळा आणि खऱ्यापेक्षा हलका पडतो. बेरीज बऱ्यापैकी जुळते, पण पडण्याची तऱ्हा जुळत नाही. जमिनीवर दुपारी उशिरा येणारा वळवाचा पाऊस ही मॉडेलं भर दुपारी बारालाच पाडून मोकळी होतात, हेही ठरलेलं.

मला ज्यात रस आहे, म्हणजे रिपरिप की सर, नेमकं तेच इथे हरवतं.

जाळी ३-४ किलोमीटरपर्यंत बारीक केली की ठोकताळा बंद ठेवता येतो. हवा वर चढण्याचं समीकरण मॉडेल थेट सोडवतं, ढग स्वतः उभा राहतो, पाऊस पडतो, पडणाऱ्या पावसाने खालची हवा गार होते, ती जड हवा जमिनीलगत पसरते आणि पुढच्या दमट हवेला वर उचलून नवा ढग उभा करते. हे शेवटचं साइटवरच्या प्रत्येकाला पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. मेच्या शेवटी किंवा ऑक्टोबरात अंगाची लाही होत असते, एकाएकी परांचीवरची हिरवी जाळी फडफडायला लागते, गार झोत येतो, मातीचा वास येतो, आणि मिस्त्री वर न बघताच ओरडतो, "कापड काढा रे!" पाऊस अजून आलेला नसतो, पलीकडे पडत असतो. त्या पलीकडच्या ढगाखालची गार हवा त्याच्या आधी आमच्यापर्यंत पोचते. जाड जाळीच्या मॉडेलात हा झोत नीट उमटतच नाही, त्यामुळे एका सरीतून दुसरी सर कशी जन्मते आणि सरींची अख्खी रांग कशी पुढे सरकते, हेही त्यात येत नाही. मिस्त्रीला पंधरा मिनिटं आधी कळतं ते ९ किलोमीटरच्या मॉडेलला कळण्याची सोय नाही, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

२६ जुलै २००५ ची गोष्ट प्रत्येकाकडे आपापली आहे, मी माझी सांगत नाही. आकडे तेवढे बघा. २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर. कुलाब्याला ७३ च्या आसपास. मधलं अंतर वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे आजच्या ईसीएमडब्ल्यूएफचे दोन-तीन चौकोन आणि तेव्हाच्या जागतिक मॉडेलचा जेमतेम एक. नंतर शास्त्रज्ञांनी तो दिवस बारीक जाळीवर पुन्हा पुन्हा चालवून पाहिला. प्रचंड पाऊस त्यात उमटतो, पण बऱ्याचदा त्याची जागा आणि आकडा सरकलेले असतात. मला हा निकाल दोन्ही अंगांनी महत्त्वाचा वाटतो: "आज इथे कुठेतरी भयंकर पडणार" हे बारीक जाळी सांगू शकते, "सांताक्रूझलाच पडणार" हे छातीठोकपणे नाही. अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेंझ यांनी १९६९ मध्येच हिशेब मांडला होता की जितकी आकृती लहान तितकी तिच्यातली चूक लवकर फुगते. एकट्या ढगाच्या बाबतीत ही मुदत तासाभराची असते. तेव्हा उद्या दुपारी सव्वातीनला चेंबूर नाक्यावर सर येईल असं कुणी विकत असेल, तर तो काय विकतोय हे ओळखावं.

विंडीवरची माझी तक्रार इथून सुरू होते, आणि खरं तर ती विंडीवरची नाहीच. नकाशा फ्रान्सवर नेला की अरोम हे १.३ किलोमीटरचं मॉडेल यादीत येतं. जर्मनीवर आयकॉन-डीटू, २.२ किलोमीटर. अमेरिकेवर एचआरआरआर, ३ किलोमीटर. नकाशा मुंबईवर आणला की ही सगळी नावं गायब, उरतात ती जागतिक मॉडेलं. जिथे पाऊस सौम्य तिथे बारीक जाळी आणि जिथे दिवसाला दोनशे मिलिमीटर पडतो तिथे जाड, असा उलटा न्याय. ज्या देशाचं मॉडेल तो आपल्या देशापुरतं चालवणार हे बरोबर आहे, अ‍ॅप तरी काय करणार. पण पैसे भरून विंडी घेणाऱ्या मुंबईकराने हे माहीत करून घ्यावं. फुकटच्या विंडीत अंदाज तीन-तीन तासांच्या टप्प्यांत दिसतो, पैसे भरले की दर तासाचा. टप्पे वाढतात, चौकोन तेवढेच राहतात. मी पैसे भरते, कारण तीन तासांच्या टप्प्यात गाड्यांचं वेळापत्रक बसत नाही. छत्रीपुरतं बघणाऱ्याने भरू नयेत.

आणखी एक बारकावा. युरोपीय मॉडेलची मुख्य आकडेमोड आपल्या घड्याळाने पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या स्थितीवरून सुरू होते आणि निकाल हाती यायला सहा-सात तास जातात. म्हणजे पहाटे प्लांटचा फोन येतो तेव्हा मी जे बघत असते ते काल संध्याकाळच्या आभाळावरून काढलेलं असतं. रात्रीत अरबी समुद्रावर जे शिजलं ते त्यात नाही.

म्हणून विंडी एकटं पुरत नाही. हवामान विभाग ३ किलोमीटरच्या जाळीवर डब्ल्यूआरएफ हे मॉडेल चालवतो, नोएडाच्या राष्ट्रीय हवामान अंदाज केंद्राचं ४ किलोमीटरचं मॉडेल आहे, दोन्हींचे नकाशे सरकारी पानांवर फुकट बघायला मिळतात. पानं दिसायला अशी की डोळे दुखतात. बारीक अक्षरं, बेताचे रंग, फोनवर उघडलं तर अर्धा नकाशा बाहेर. पण सह्याद्री त्यांत सह्याद्रीसारखा वागतो. जाड जाळीत माथेरानसारखं अरुंद पठार शेजारच्या सपाटीबरोबर सरासरीत जातं आणि डोंगराचा उंचवटा होतो. तो उंचवटा ढगांना अडवत नाही, उचलतही नाही. २०२५ च्या मे महिन्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत घडवलेली भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू झाली, तिची जाळी ६ किलोमीटरची, आधीची १२ ची होती. ती पुण्याच्या 'अर्का' या महासंगणकावर चालते. ६ किलोमीटर म्हणजे अजून ढग पूर्ण दिसण्याइतकं बारीक नाही आणि ठोकताळ्यावर निर्धास्त सोडण्याइतकं जाडही नाही, असा अडनिडा टप्पा. तरी जगभरच्या अंदाजासाठी रोज इतकी बारीक जाळी चालवणं ही लहान गोष्ट नव्हे. विंडीने हे मॉडेल आपल्या यादीत घेतलं तर माझा अर्धा गुण लगेच वाढेल.

जाळी आणखी बारीक का करत नाहीत, असं आमच्या ऑफिसातला एक ज्युनिअर विचारत होता. त्याला पाटीवर करून दाखवलं. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट, आणि वेळेचे टप्पेही निम्मे करावे लागतात, म्हणून काम आठपट. ९ वरून सव्वा किलोमीटरच्या आत यायला तीनदा निम्मं करायचं, आठ गुणिले आठ गुणिले आठ, ५१२ पट. ढग घडवणारं मॉडेल एका देशापुरतं चालवणं वेगळं आणि सगळ्या पृथ्वीवर चालवणं वेगळं. जपानच्या निकॅम या मॉडेलने ते ३.५ किलोमीटरवर करून दाखवलं, तेही जमीन नसलेल्या, नुसत्या पाण्याने भरलेल्या काल्पनिक पृथ्वीवर. त्यावरचा शोधनिबंध २००५ चा, आपल्या त्या जुलैच्याच वर्षातला. पुढे डायमंड नावाच्या प्रकल्पात अनेक देशांच्या मॉडेलांनी १ ऑगस्ट २०१६ पासूनचे ४० दिवस ५ किलोमीटरहून बारीक जाळीवर चालवले, सगळ्यांनी तेच दिवस, म्हणजे कुणाचा ढग कसा वागतो ते शेजारीशेजारी ठेवून बघता यावं. आपल्या पावसाळ्याचेच दिवस ते. अमेरिकेच्या स्क्रीम या मॉडेलने २०२३ मध्ये ३.२५ किलोमीटरच्या जाळीवर एका दिवसात वर्षभराहून अधिक काळाचं हवामान चालवलं आणि हवामानाच्या मॉडेलांसाठीचं गॉर्डन बेल हे संगणनातलं पारितोषिक मिळवलं. त्यासाठी लागला फ्रंटियर, त्या वेळचा जगातला सर्वांत वेगवान संगणक.

एवढा खटाटोप उद्याच्या स्लॅबसाठी नाही हे उघड आहे. पण माझ्या धंद्याशी त्याचा संबंध स्लॅबपेक्षा मोठा आहे. मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली. ब्रिमस्टोवॅड या गटारं सुधारण्याच्या योजनेत तो आकडा ५० वर नेला. इमारतीचं डाउनटेक (गच्चीचं पाणी खाली आणणारा पाइप), पोडियमचा उतार, बेसमेंटमधला पंप, सगळं असल्याच ताशी आकड्यावरून ठरतं. आणि आज बांधलेली इमारत पन्नास वर्षं उभी राहायची असते. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, इतपत भौतिकशास्त्र साधं आहे. पण त्यामुळे तासाभराची सर किती टक्क्यांनी वाढेल? हवामानबदलाची नेहमीची मॉडेलं साधारण १०० किलोमीटरच्या जाळीची. त्यांच्या एका चौकोनात मुंबई, सगळं ठाणे आणि निम्मं रायगड बसतं. त्या चौकोनाला ताशी ५० मिलिमीटर की ७० हे विचारणं म्हणजे त्याच्या तोंडी उत्तर घालणं. खालचे सपाट, पांढरे ढगही असेच ठोकताळ्यावर. ते वाढले तर ऊन परतवणार, विरळ झाले तर पृथ्वी आणखी तापणार. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या २०२१ च्या अहवालात कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान २.५ ते ४ अंश वाढेल असा पल्ला दिलाय. तो पल्ला इतका रुंद राहण्यात सर्वांत मोठा वाटा ढगांचा. ते चपटे ढग ३ किलोमीटरच्या जाळीतही धड दिसत नाहीत, त्यांना काहीशे मीटरपर्यंत उतरावं लागतं. थेंब आणि गारा कशा बनतात ते तर सगळीकडेच ठोकताळ्यावर. तरीही सरीच्या ताशी जोराबद्दल मला कुणाचं ऐकायचं असेल तर ढग घडवणाऱ्या मॉडेलचंच ऐकेन, आणि सोसायटीच्या कमिटीसमोर पंपाची क्षमता वाढवून मागताना तेच पुढे करेन. कमिटी दोन लाखांवरून हुज्जत घालते हा भाग निराळा.

पुन्हा विंडी. माझी वापरायची पद्धत अशी: तीन-चार दिवस आधीपासून तुलनेचं पान बघते, उघडीप मिळण्याचा सूर आहे का तेवढंच. आदल्या संध्याकाळी हवामान विभागाच्या इशाऱ्याचा रंग आणि ३ किलोमीटरचे नकाशे. पहाटे विंडी उघडत नाही. पहाटे रडार, कुलाब्याचं आणि वेरावलीचं. वेरावलीचं २०२२ मध्ये सुरू झालं. रडारवर समुद्रावरून येणारी सरींची रांग दिसली, की ती कुठे चाललीय ते पुढच्या दोन तासांपुरतं माणसाच्या डोळ्यालाही कळतं, त्याला मॉडेल लागत नाही. सोबत महापालिकेच्या पर्जन्यमापकांचं पान उघडं ठेवायचं. पश्चिम उपनगरांत आकडे चढायला लागले की आमच्याकडे किती वेळ आहे याचा अंदाज बांधता येतो. गाडी लोड करायची की नाही ते या दोन पानांवर ठरतं.

विंडीचा सॅटेलाइटचा थर चांगला, ढग वर चढायला हवेत किती ऊर्जा साठलीय ते दाखवणारा केपचा थर ऑक्टोबरात उपयोगी, पावसाळ्यात त्यावरून काही ठरवू नये. पावसाच्या बेरजेचा थर गुंतवून ठेवतो पण माझ्या काही कामाचा नाही, कारण वर सांगितलंच. नकाशाची हालचाल फोनची बॅटरी आणि डेटा दोन्ही खाते. साइटच्या तळघरात रेंज नसते तिथे ते चकरा मारत बसतं.

वाऱ्याला पाच का, ते राहिलं. सरीपुढचा तो गार झोत सोडला तर वारा ही मोठ्या पट्ट्यावरची गोष्ट आहे, दाबातल्या फरकाने शेकडो किलोमीटरवर चालणारी, त्यामुळे ९ किलोमीटरची जाळी तिला भरपूर पुरते. झोतांचा वेगळा थर आहे आणि मोसमी वाऱ्याचा जोर वाढणार असेल तर तो दोन-तीन दिवस आधी नीट दाखवतो. टॉवर क्रेन असलेल्या साइटने तेवढ्यासाठी तरी हे अ‍ॅप ठेवावं. फक्त वाऱ्याचं एकक सुरुवातीला नॉट्समध्ये असतं. क्रेनच्या चार्टवर मर्यादा मीटर प्रति सेकंद किंवा किलोमीटर प्रति तासात असते, तेव्हा रंगांच्या पट्टीवर टॅप करून ते आधी बदलून घ्या, आणि क्रेन ऑपरेटरच्या फोनवरही बदला.